टेपवाडीची सावड

चांगली कॉफीसुद्धा राजसी थुंकूनच टाकते, हे टेपवाडीला मागच्या वर्षीच कळलं होतं. त्यामुळे सोमाच्या ओट्यावर बसून तिने पहिला घोट चमच्यातून सुर्रकन ओढला आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकला, तेव्हा कुणी दचकलं नाही. पण ह्या खेपेला तिने दुसरा घोट घेतला नाही. पेल्याला नाक लावून ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"काका, ह्या गोण्या कुठे होत्या?"

"घरात. आनि कुटं?" सोमा म्हणाला. "पडवीत, वाशाला टांगून. तू सांगितलंस तशा."

"धूर येतोय."

सोमाने वर कौलांकडे पाहिलं. "कुटं?"

"कॉफीत."

राजसी अंबरनाथ पूर्वेची. तिथे एका गाळ्यात तिचं कॉफी भाजायचं मशीन. सकाळी वांगणीला उतरून दीड तास डोंगर चढून ती वर आली होती. पाठीवर छोटी शेगडी, हाताने फिरवायची चक्की आणि टाचांना चिकटपट्ट्या. चार गोण्यांतून मूठमूठ वाळलेली फळं काढून तिने सोमाच्या सुनेकडून, किर्तीकडून, उखळात हलक्या हाताने कांडून घेतली, सुपात पाखडली, आतला हिरवट दाणा शेगडीवर भाजला. चारही पेल्यांना तोच वास. ओल्या लाकडाचा, भाकरीच्या चुलीचा. घरात राहणाऱ्याला तो कधी कळायचा नाही, कारण तो त्याच्या सदऱ्यालाही येतो.

आता ह्या डोंगरावर कॉफी आली कशी, ते सांगायला हवं. सोमा तरुणपणी एका मुकादमाबरोबर कर्नाटकात मळ्यावर वेचणीला गेला होता. सहा महिन्यांनी परत आला तो टॉवेलाच्या गाठीत पसाभर बी बांधून. वाडीतले लोक कपडे, भांडी घेऊन आले आणि हा बी घेऊन आला. लोक हसले. ते बी रुजलंच नाही, तेव्हा अजून हसले. पण माणूस हट्टी. नऊ वर्षांपूर्वी त्याने ओळखीने पुन्हा रोपं आणवली आणि वरच्या पठारावर, जांभळीच्या आणि उंबराच्या सावलीला लावली. वर हवा गार, धुकं दहा वाजेपर्यंत बसून राहतं. भाताला तो उतार कधी मानवला नव्हता. कॉफीला मानवला. आज तिथे तीनशेच्या घरात झाडं आहेत. शेजारचा बुधाजी अजूनही त्यांना 'सोमाची बोरं' म्हणतो.

पहिली दोन वर्षं सोमाने माल उल्हासनगरला एका सिंधी व्यापाऱ्याला घातला. शेठ माणूस सरळ, वजनात खोट नाही. पण तो माल दहा ठिकाणच्या मालात पडायचा आणि दिसेनासा व्हायचा. मग राजसी भेटली. मागच्या वर्षी तिनेही मिसळूनच विकला, कारण थोडा होता. पण जाताना म्हणाली होती, "काका, ह्याची चव वेगळी आहे. पुढच्या वर्षी स्वच्छ तीस किलो दाणा द्या. मी फक्त ह्याच डोंगराची म्हणून विकेन. पाकिटावर टेपवाडी लिहीन, दुसरं काही नाही."

वर्षभर सोमा त्या एका वाक्यावर जगला. टेपवाडीचं नाव मतदारयादीखेरीज कुठे छापलेलं त्याने पाहिलं नव्हतं. बायकोने झोपेत कूस बदलली तरी तो तिला विचारायचा, "अगं, खरंच छापल ना ती?" आणि गयाबाई म्हणायची, "छापल. झोपा."

"पडवीत टांगलेल्या," सोमा पुन्हा म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "का गं किर्ती? चुलीपाशी तू असतंस. कुनी हलवल्या गोनी?"

किर्तीला सगळं ठाऊक होतं. ती सूप उलटं करून झटकत राहिली, खाली बघून, जणू सुपातच उत्तर होतं. सोमा आणखी काहीतरी बोलणार होता.

"तिला नका बोलू," आतून गयाबाई म्हणाली. दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली. "मी ठेवल्या. चुलीवरच्या माल्यावर. तुमी दिसभर झाडांत, ध्यान नाय गेला."

"माल्यावर?"

"एका गोनीत किडा दिसला. एकच व्हता. म्हटलं लागला तर सगलं खाईल." तिने आतल्या माळ्याकडे हात केला. "भाताचं बी तिथंच ठेवताव. वाल ठेवताव. माजी सासू ठेवायची. धुरानं कीड लागत नाय. तीन आठवडं रोज संध्याकाली ओला लाकूड घातला मुद्दाम. जास्ती धूर व्हावा म्हनून."

बी राखणं ह्या घरात गयाबाईचं काम. चाळीस वर्षांत तिच्या माळ्यावरचं एक बी फुकट गेलेलं नव्हतं, आजूबाजूची घरंही तिच्याकडे बियाणं ठेवायला द्यायची. जे तिला सगळ्यात चांगलं येत होतं, तेच तिने केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती.

राजसी खाली बसली. "काकू, चुकलं माझंच. मी कोरड्या जागी ठेवा म्हटलं. माळा कोरडाच की. धुराचं सांगायला हवं होतं."

हे ऐकून गयाबाईला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला रडू फुटलं.

सोमा उठून अंगणात गेला आणि कारण नसताना कुंपणाची एक काठी उपटून पुन्हा रोवू लागला. त्याला बायकोवर ओरडायचं होतं; पण इतक्या वर्षांत तिने राखलेल्या बियांचा भात तो खात आला होता. काठी रोवून झाल्यावर तिकडूनच त्याने विचारलं, "आता काय?"

"झाडावर काही उरलंय का?" राजसी म्हणाली.

उरलं होतं. वरच्या टेपावरची, म्हणजे माथ्यावरच्या टेकाडावरची ऐंशी झाडं. तिथे ऊन उशिरा पोचतं म्हणून फळही महिनाभर मागे असतं. एरवी ते बुलबुल आणि कांडेचोर, म्हणजे उदमांजरं, खात. आता ती लाल झाली होती. दोनशे किलो ओलं फळ निघालं तर वाळून, कांडून तीस-बत्तीस किलो दाणा झाला असता. राजसीने मोबाइल काढला आणि तिचा चेहरा पुन्हा पडला.

"परवा पाऊस दाखवतंय. अवकाळी."

माघातला पाऊस. पिकलेल्या फळावर पाणी पडलं की साल तडकते, फळ गळतं, उरलेलं झाडावरच आंबतं. म्हणजे हातात उद्याचा एक दिवस. लाल तेवढंच वेचायचं तर एका माणसाच्या हातून दिवसाला वीस-बावीस किलो. घरात माणसं तीन. मुलगा महेंद्र अंबरनाथच्या कंपनीत, त्याची शिफ्ट सुटणार नव्हती. राजसी चौथी, पण तिच्या टाचा!

"दहा माणसं पायजेल," सोमा म्हणाला. दहा माणसं वाडीत होती. मागायची कशी, हा प्रश्न होता.

टेपवाडीत मजूर लावायची पद्धत नाही. सावड चालते. तुझ्या शेतात मी येतो, माझ्या शेतात तू ये. कुणी लिहून ठेवत नाही, पण सगळ्यांना पाठ असतं. आणि नियम एकच: जो दुसऱ्याच्या बांधावर गेला नाही, त्याने आपल्या बांधावर कुणाला बोलवायचं नाही. दिवाळीनंतर भातकापणीला कौसाबाई आपली दोन माणसं घेऊन सोमाकडे आली होती, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वाकून. चौथ्या दिवशी तिच्या शेताची पाळी होती. नेमकं त्याच दिवशी खालच्या झाडांवर बुलबुलांचा थवा उतरला आणि सोमाचं सगळं घर कॉफीकडे धावलं. 'उद्या जाऊ' म्हणाले. उद्या गेले तेव्हा कौसाबाईचं भात रात्रीच्या सरीने आडवं होऊन चिखलात लोळत होतं. विधवा बाई, डोळ्यांत मोतीबिंदू. ती एक शब्द बोलली नव्हती. तेव्हापासून सोमाच्या घराला सावडीला कुणी बोलावलं नव्हतं.

"मी जातंय," गयाबाई म्हणाली.

"कुटं? कंच्या तोंडानं?"

"ह्याच. दुसरा कुटून आनू?"

कौसाबाई ओट्यावर वाल निवडत बसली होती. दिसत कमी, म्हणून प्रत्येक दाणा बोटांत फिरवायची आणि किडका असला की अंगणात भिरकवायची. कोंबड्या तिच्या बोटांकडे डोळे लावून बसलेल्या. गयाबाई पायरीखाली उभी राहिली. वर ये असं कुणी म्हटलं नाही.

"कोन?"

"मी. गया."

"बोरांवाली?"

"व्हय."

गयाबाईने सगळं सांगितलं. माळा, धूर, ओलं लाकूड, पाऊस. मधे एकदाही बोलवायला आले असं म्हणाली नाही. तो हक्क नव्हता हे तिला कळत होतं. कौसाबाई वाल निवडत राहिली.

"माज्या भातात कोंब आलं व्हतं," ती शेवटी म्हणाली. "म्हायती हाय? उभ्या लोंबीला. जनावरानं पन तोंड लावला नाय."

"व्हय."

"तुजा नवरा आला दुसऱ्या दिशी. टोपी हातात घेऊन उभा. मला वाटला, हा काय बोलल तरी. काय नाय बोलला. बुलबुलांचा सांगत बसला."

"चुकलाच आमचा."

"चुकला म्हनून सांगाया तीन मयने लागलं? आनि आज तुजी बोरं जालली तवा पाय वाट चुकून हितं आलं?" कौसाबाईचा आवाज चढत गेला. शेजारच्या दारांतून बायका डोकावल्या. बुधाजी विडी पेटवायची विसरून ऐकत राहिला. गयाबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण ती हलली नाही. बोलणं खरं होतं आणि खरं बोलणं उभ्याने ऐकून घ्यावं लागतं. कौसाबाईने सासूपासून सुनेपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, दम लागला तेव्हा थांबली आणि सूप उचलून आत गेली. दार लावलं नाही, पण बोलावलंही नाही.

घरी आल्यावर सोमाने विचारलं, "काय म्हनली?"

"म्हनली ते सगलं बरोबर म्हनली," गयाबाई म्हणाली आणि भाकरीला बसली.

सकाळी धुक्यातच चौघं टेपावर चढली. राजसी तळपायांना फडकी बांधून. वर पोचून बघतात तर पहिल्या झाडाखाली कौसाबाई बसलेली, शेजारी पाटी. तिच्या मागे तिची दोन माणसं, तीन शेजारणी आणि सगळ्यात शेवटी, आपण सहज फिरायला आलो आहोत असा चेहरा करून, बुधाजी.

सोमा जागच्या जागी थांबला. त्याने टोपी काढली. ह्या वेळी मात्र त्याला बोलावं लागलं. "कौसाबाय, तवा यायला पायजे व्हतं. आलो नाय. माफ कर."

"बुलबुल कसं हायती?" कौसाबाईने विचारलं. बायका खो खो हसल्या. सोमाही हसला, हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने धुक्यावर ढकललं. "सांग आता," कौसाबाई म्हणाली, "काय तोडाचा, काय ठेवाचा?"

राजसीने लाल फळ दाखवलं. पूर्ण लाल तेच. पिवळट नको, हिरवं तर नकोच. बायकांनी मान हलवली आणि करवंदं ओरबाडावीत तसे हात चालवायला सुरुवात केली. पहिली पाटी ओतली तर निम्मी हिरवी. राजसीचा जीव कासावीस झाला. किर्तीने पदर खोचला आणि एकेकीच्या शेजारी उभी राहून, न चिडता, हिरवी निवडून दाखवत राहिली. एरवी घरात आवाज न फुटणारी ती पोर त्या दिवशी मुकादम झाली. दुसऱ्या पाटीत हिरवी कमी, तिसरीत चार-दोन.

कौसाबाईच्या पाटीत पहिल्यापासून एकही नव्हतं. राजसीने दोनदा हात घालून उलटपालट केली.

"आजी, तुम्हाला तर दिसत नाही. कसं काय?"

"दिसून काय करतस? हात लाव." कौसाबाईने तिचं बोट धरून एका फळावर ठेवलं. "हा बग. हटून बसलाय. कच्चा हाय. आता हा. नुसता दाबला का देठ सोडतंय. पिकल्याला जोर नाय लावावा लागत."

मग सगळ्याच तसं करू लागल्या. दुपारी गयाबाईने वालाची उसळ आणि भाकरी वर आणली. आधी कौसाबाईला वाढलं. ती मुकाट जेवली आणि दुसऱ्यांदा उसळ मागितली. गयाबाईला तेवढ्यानेसुद्धा भरून आलं. उन्हाने माना भाजल्या, चिकट रसाला मुंग्या येऊन बोटं चावू लागल्या. बुधाजीला एक गांधील डसली तेव्हा तो 'बोरांच्या आयला' म्हणाला, पण खाली उतरला नाही. दिवस कलला तेव्हा काट्यावर दोनशे अकरा किलो भरलं.

पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. फळ खाली आणून अंगणातल्या मचाणांवरच्या तट्ट्यांवर पसरलं, पण वर झाकायला घरात होती ती ताडपत्री भोकांची. सोमा नुसता तिच्याकडे बघत बसला. तेवढ्यात बुधाजी आपल्या घरी गेला आणि अर्ध्या तासाने खांद्यावर नवी कोरी निळी ताडपत्री घेऊन आला. ती त्याच्या पेंढ्याच्या उडवीवरची होती.

"आनि पेंढा?" सोमाने विचारलं.

"भिजला तर वालल. पेंढ्याचा कोन पाकीट काढतंय?" बुधाजी म्हणाला आणि दोरीची टोकं बांधू लागला.

पाऊस आला, दीड दिवस राहिला. बुधाजीच्या उडवीचा वरचा थर कुजला. तो नंतर गुरांनीही खाल्ला नाही. ताडपत्रीखालचं फळ कोरडं राहिलं. पुढचे चोवीस दिवस गयाबाईने ते तासातासाला हाताने फिरवलं, संध्याकाळी झाकलं, सकाळी उघडलं. चूल पेटली की ती आधी वाऱ्याची दिशा बघायची. वाळलेल्या गोण्या तिने देव्हाऱ्याच्या खोलीत ठेवल्या आणि तिथे उदबत्ती लावायलाही सोमाला बंदी केली. देवाला महिनाभर नुसत्या फुलावर भागवावं लागलं.

चार धुराच्या गोण्याही वाया गेल्या नाहीत. त्या तिने भाजून, कुटून वेचणीला आलेल्या प्रत्येक घरी डबा भरून दिल्या. गुळाच्या पाण्यात उकळून वाडी ती कॉफी पिऊ लागली आणि ह्याला चव आहे, असं बायकांचं एकमत झालं. हे राजसीला कुणी कळवलं नाही.

राजसी पुन्हा आली ती फाल्गुनात. ओट्यावर बसली, कांडली, पाखडली, भाजली, घोट घेतला. सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं. गयाबाईने दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळले होते. राजसीने डोळे मिटले. थुंकायला उठली नाही. गिळलं. मग दुसरा घोट घेतला.

"काकू," ती म्हणाली, "जांभूळ येतंय. शेवटी. अगदी शेवटी."

गयाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिने फक्त विचारलं, "धूर?"

"नाही."

"जरासा पन?"

"अजिबात नाही."

गयाबाई आत गेली आणि देवापुढे बसून राहिली. काही मागितलं नाही. ज्यांनी द्यायचं त्यांनी दिलं होतं. ती एकेकाचं नाव घेत होती. त्यात बुधाजीचं आलं, त्या तीन शेजारणींचं आलं, आणि सुपाशी खाली मान घालून गप्प राहिलेल्या किर्तीचंही आलं.

आषाढाच्या तोंडावर महेंद्र अंबरनाथहून पाकिटं घेऊन वर आला. सोमाने एक उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरलं, मग बायकोच्या हातात दिलं. "तू ने. पयलं तिला दे."

गयाबाई आणि किर्ती कौसाबाईच्या ओट्यापाशी गेल्या. कौसाबाईने पाकीट घेऊन चाचपलं, वास घेतला.

"काय लिवलंय?"

किर्तीने वाचलं. "टेपवाडी."

"आनि?"

"वांगणीच्या डोंगरावर, सातशे मीटर उंचीवर. एकाच वाडीतल्या माणसांनी हाताने वेचलेली."

"सोमाचा नाव?"

"नाय टाकला. बाबाच नको म्हनाले. राजसीताई विचारीत व्हती. म्हनाले, वाडीचा हाय तोच टाक."

कौसाबाई बराच वेळ अंगठ्याने त्या कागदावर अक्षरं शोधत राहिली. कागद गुळगुळीत होता, हाताला काही लागत नव्हतं. मग तिने पाकीट मांडीवर ठेवलं आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "गये, माजी लावनी हाय उद्या. तीन मानसं कमी पडतान. येशील?"

आठ महिन्यांनी पहिलं बोलावणं. गयाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि ओट्याच्या कडेवर बसली. ह्या वेळी वर ये म्हणायची वाट तिने बघितली नाही.

"अगं बाय, रडाचं तर उद्या खाचरात येऊन रड," कौसाबाई म्हणाली. "चिखलाला पानी कमीच हाय."

दुसऱ्या दिवशी महेंद्रने सुट्टी टाकली. कौसाबाई काठी टेकत बांधावर पोचली तेव्हा जिथून तीन मागितली होती त्या घरातून चार माणसं गुडघाभर चिखलात वाकलेली होती, आणि पहिली ओळ लावून झाली होती.